सकाळचे हात

माझी सासू गेली तेव्हा तिच्या हातांची दहाही बोटं सरळ होती. शेवटची अंघोळ घालताना शेजारणी म्हणाल्या, बघा, म्हातारीचे हात कसे पोरीसारखे राहिले. ती बोटं मी सरळ ठेवली होती, आणि माया म्हणून नव्हे, सूड म्हणून ठेवली होती. हे तेव्हा बोलले असते तर बायांनी मला वेड्यात काढलं असतं. आता सांगायला हरकत नाही, माझं आता कोण काय वाकडं करणार? जे वाकडं व्हायचं ते कधीच होऊन बसलंय.

हे लिहिते तेही दुपारी. पेनाला चिंधी गुंडाळून जाड केलंय, दिवसाला अर्धं पान होतं. सकाळी माझ्या हातून एक अक्षर उमटत नाही. ही सकाळ-दुपारची भानगडच सगळ्याच्या मुळाशी आहे.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. माझं माहेर श्रीगोंद्याकडचं, कोरडवाहू. सासर राहुरीजवळ, विहिरीवर ऊस आणि दारात दोन म्हशी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तोवर मला बाईमाणसाचं सगळं काम येत होतं, आणि धार काढण्यात तर माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मग दिवाळी झाली आणि एका पहाटे म्हशीखाली बसले तर मूठ मिटेना. बोटं फुगलेली, गरम, आणि आतून कुणी सुतळीनं बांधल्यागत जखडलेली. दूध म्हशीच्या सडातच राहिलं. भाकरी थापायला गेले तर पंजा उघडेना. मला वाटलं थंडी बाधली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. ऊन वर चढलं की बोटं हळूहळू सैल व्हायची, आणि जेवणं उरकेपर्यंत मी पुन्हा धडधाकट.

सासूनं आठ दिवस बघितलं आणि निकाल लावून टाकला. पहाटे धार असते, भाकऱ्या असतात, शेणपाणी असतं, तेव्हाच हिचे हात दुखतात. दुपारी काही काम नसतं तेव्हा हात बरे. म्हणजे हे हातांचं दुखणं नाही, अंगातला आळस आहे. तिच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब अगदी चोख होता, आणि म्हणूनच मला त्याचा अजून राग येतो. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. जे डोळ्यांनी दिसतं तेच सांगणाऱ्याशी काय भांडणार? ती विहिरीवर, ओढ्यावर, गिरणीत दळण घेऊन गेली की तिथं, सगळीकडे सांगत सुटली. म्हैस आटली त्याचं खापरही माझ्यावर फुटलं. गावात माझं नाव पडलं, दुपारची सून. मी पाण्याला गेले की पोरीबाळी तोंडाला पदर लावायच्या.

आमचे मालक स्वभावानं गरीब. आईपुढं तोंड उघडायची त्यांची टाप नव्हती. पहाटे गुपचूप तिळाचं तेल कोमट करून द्यायचे, मी ते चोळत बसायची, आणि हात आणखी ठणकायचे. ते तेलसुद्धा चूकच होतं, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

मी चौथी शिकलेली. एका दुपारी कार्ड लिहून आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टाकलं की माझे हात गेले, येऊन मला वैद्याकडं न्या. पंधरा दिवसांनी आण्णा आले. आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न खात नाही, पाणी पीत नाही, मुक्काम तर करतच नाही. आण्णा रीतीला पक्के. पहाटे श्रीगोंद्याची एस.टी. धरायची, नगरला बदलायची, राहुरीच्या स्टँडवर उतरून बांधून आणलेली भाकरी खायची, तिथलंच पाणी प्यायचं, आणि मग चालत आमच्या गावात यायचं. ओट्यावर तासभर टेकायचं आणि चारच्या गाडीला परत. म्हणजे ते कधीही आले तरी दुपारीच यायचे. आणि दुपारी माझे हात बरे असायचे.

त्या दिवशीही तेच झालं. आण्णा ओट्यावर बसले. सासूनं माझ्या दुखण्याचं नाव काढलं नाही. तिनं आतून गोधडी आणली. ती मी महिनाभर दुपारच्या वेळी शिवत होते, कडेला चौकटी, मधे फुली, आणि टाके असे की मोहरीएवढे. माझ्या आईनं शिकवलेलं काम. सासूनं ती आण्णांच्या मांडीवर पसरली आणि माझं कौतुक मांडलं. पोरीच्या बोटांत कसब आहे, असे टाके आमच्या गावात कुणी घालत नाही. आण्णा टाक्यांवरून अंगठा फिरवत बसले. मी दाराआड उभी, आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. महिनोन्महिने कुणी माझ्या हातांना चांगलं म्हटलं नव्हतं. मूर्खासारखी मी पुढं होऊन दुसरी बाजूही उलगडून दाखवली.

दाखवता दाखवता माझ्या लक्षात आलं की हिनं काय केलंय. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आण्णा उठले, पायात वहाणा घातल्या, मला वेशीपर्यंत बरोबर यायला सांगितलं. दुपारची सून हे नाव गावात शिरतानाच त्यांच्या कानावर आलं असणार. वेशीपाशी थांबून म्हणाले, "सकाळचं उठायचा कंटाळा बरा न्हाई बाई. आमचं नाव राख."

माझे दोन्ही हात त्यांच्यासमोर उन्हात सुटसुटीत हलत होते. ते रस्त्याला लागले आणि मी ठरवलं की या एका वाक्याचा वचपा मी सासूवर काढणार. कधी, कसा, ते माहीत नव्हतं. पण ज्या माणसानं मला कधी खोटं म्हटलं नव्हतं त्याच्याच तोंडून हिनं मला खोटं म्हणवलं होतं.

पुढचं सव्वा वर्ष तसंच गेलं. मनगटं सुजली, गुडघे धरले. करंगळ्या बाहेरच्या बाजूला कलायला लागल्या तेव्हा कुठं मालकांनी धीर केला, आणि बाजाराच्या दिवशी, मीठ-मिरची आणायला म्हणून मला राहुरीला नेलं ते थेट तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्यबुवांकडं. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी किती वेळ जखडतात?"

मी तिथंच रडायला लागले. घरातल्या, गावातल्या एकाही माणसानं सकाळचं विचारलं नव्हतं. वैद्यबुवा म्हणाले, याला आमवात म्हणतात, आणि सकाळी जखडणं हीच याची खूण. खाल्लेलं नीट पचत नाही, त्याचा आम सांध्यांत जाऊन बसतो, असं त्यांचं शास्त्र. तेल चोळता का, विचारलं. मालकांनी मान खाली घालून हो म्हटलं. तर म्हणाले, तेच नको होतं, सूज असताना कोरडा शेक द्यायचा, वाळू तापवून पुरचुंडीत बांधून. मग मालकांकडं वळून त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आणली असती तर फार सोपं होतं. आता दुखणं आवरता येईल, वाकलेलं सरळ करता येणार नाही.

पथ्य सांगितलं. दही बंद, उडीद बंद, गूळ, मासळी, शिळंपाकं बंद, पाणी गरमच प्यायचं. आठवड्यातून एक दिवस लंघन. पहाटे सुंठीच्या काढ्यात एरंडेल. खायला हुलग्याचं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं पातळ माडगं, लसूण, शेवग्याच्या शेंगा, जुन्या ज्वारीची भाकरी. घरी येऊन हे सांगितलं तर सासू म्हणाली, आमच्याकडं एका चुलीवर दोन स्वयंपाक होत नाहीत. त्या दिवसापासून घरात रोज कढी. पूर्वी आठवड्यातून एकदा व्हायची ती रोज! वर ताटात वाढून म्हणायची, खा, नाहीतर म्हणशील सासूनं उपाशी ठेवलं. मी कोरडी भाकरी आणि मीठ खाऊन उठायची. मग दुष्काळ आला, विहीर आटली, ऊस वाळला, रेशनवर लाल मिलो, ती अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळायला लागली. सगळ्या गावालाच लंघन पडलं, तेव्हा कुठं माझं पथ्य कुणाच्या डोळ्यांवर येईनासं झालं. दही करायला दूधच नव्हतं. हुलगे मात्र माझ्या माहेराहून आलेले थोडे होते, ते मी जपून पुरवले. दुखणं बरंच उतरलं. बोटं मात्र जिथं वाकली होती तिथंच राहिली.

दुष्काळ सरला त्या वर्षीच्या थंडीत एका पहाटे सासूनं चहाची कपबशी नको म्हटलं, वाटी मागितली. मी वाटी दिली. तिनं ती दोन्ही तळव्यांत धरली, बोटं न लावता, आणि मला लख्ख कळलं. मी तशीच वाटी धरायची. मी तसाच तळवा वापरायची. दुसऱ्या दिवशी कमरेच्या किल्ल्यांची गाठ तिला सुटेना. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढं हात धरून जरा जास्तच वेळ बसली.

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. तीन आठवडे मी नुसती बघत होते. ती पहाटे उठायची, हात लपवायची, धार मालकांवर ढकलायची, आणि दुपारी काही झालंच नाही अशी शेजारी गप्पा मारायला जायची. एकदा ती दुपारी गहू निवडत बसली होती, चार बाया आजूबाजूला. मी मोठ्यानं म्हटलं, आत्या, सकाळी तर तुमचे हात चालत नव्हते, आता बरे चाललेत की. बाया हसल्या. सासूचे हात सुपात थांबले. रात्री मला पोटभर झोप लागली.

चौथ्या आठवड्यात एका पहाटे तिनं मला आतल्या खोलीत हाक मारली. दार लोटून घ्यायला सांगितलं. लुगडं अंगाभोवती गुंडाळलेलं, पण कमरेची गाठ मारता येत नव्हती. घरातला पुरुष उठायच्या आत ती गाठ बसायला हवी होती. म्हणाली, "एवढी गाठ मार गं."

त्या वेळेला माझेही हात जखडलेले. मी दातांनी पदर धरला आणि तळव्यांनी रेटून गाठ मारली, घट्ट मारली. दोघींना मिळून एक गाठ मारायला केवढा वेळ लागला! मग मी तिला सांगितलं की हे काय आहे ते मला माहीत आहे, औषधही माहीत आहे, आणि आत्ता महिन्याच्या आत धरलं तर तुमची बोटं वाचतील, माझ्यासारखी होणार नाहीत. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. मला वाटतं, तीन वर्षांत तिनं ते पहिल्यांदाच पाहिले. मी म्हटलं, मालकांना आजच सांगते, वैद्याकडं नेतील. पण एक गोष्ट करायची. "माझ्या बापाला मुक्कामाला ठेवून घ्यायचं. तुमच्या तोंडानं. आणि सकाळ दाखवायची."

तिनं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कार्ड माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाली, लिही. तिच्या नावानं मी आण्णांना लिहिलं की येऊन जावं. संध्याकाळी मालक बैलगाडी जुंपून तिला राहुरीला घेऊन गेले.

आणि मग मी माझं पथ्य सुरू केलं! वैद्यबुवांनी जे जे सांगितलं ते मी डोळ्यांत तेल घालून पाळायला लावलं. पहिले दोन दिवस नुसतं गरम पाणी आणि सुंठ. ती भुकेनं कासावीस व्हायची, मी समोर बसून माझी भाकरी खायची. पहाटे एरंडेल. नाक धरून, डोळे मिटून प्यायची, आणि मी पेल्यात तळ दिसेपर्यंत हलायची नाही. तिचा जीव दह्यावर. शिंक्यावरचं दह्याचं गाडगं मी उतरवून शेजारी देऊन टाकलं, तिच्या डोळ्यांदेखत. चहात गूळ नाही. कढी पुन्हा वर्षभर चुलीवर चढली नाही. ती रोज माडगं खायची आणि रोज माझ्याकडं असं बघायची की कुणाला वाटावं मी तिला विष घालतेय. वाळूची पुरचुंडी मी अशी तापवायची की जेमतेम सोसावी. किल्ल्या माझ्या कमरेला आल्या, कारण कोठीघरात तिची चोरी चालायची. एकदा उडदाचा पापड भाजताना तिला पकडलं आणि तो मी हातातून काढून चुलीत टाकला.

गाव काय म्हणायचं? सून असावी तर अशी. सासूचं पथ्य किती निगुतीनं करते. ज्या बाया मला दुपारची सून म्हणायच्या त्याच आता आपल्या सुनांना माझं उदाहरण द्यायच्या. माझा सूड आणि त्यांचं कौतुक! त्यात मला मजाही यायची आणि चीडही.

पण खरी चीड पुढं आली. सासू बरी व्हायला लागली. एरंडेलानं, माडग्यानं, का तिचं दुखणंच मुळात सौम्य होतं, देव जाणे. पुढं नगरच्या एका मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, तेही म्हणाले नक्की सांगता येत नाही, काहींचं आपोआप ओसरतं, पण हा रोग लवकर धरला तर हाडं वाचतात एवढं खरं. दीड महिन्यात ती आपली गाठ आपण मारायला लागली. सकाळी ती कप धरायची आणि मी वाटी. तिला महिन्याच्या आत जे मिळालं ते मला सव्वा वर्षानं मिळालं होतं, आणि तिला ते मीच दिलं होतं. मी चुलीपुढं बसून तिच्या सरळ बोटांकडं बघायची आणि माझी वाकडी बोटं पदरात ओढून घ्यायची.

ज्वारीच्या काढणीमुळं आण्णांना यायला उशीर झाला होता. ते आले तेव्हा, अर्थातच, दुपार होती. ओट्यावर बसले. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता ही पलटणार, हिचं काम झालंय. गाडीची वेळ होत आली. आण्णा वहाणा शोधायला लागले, आणि सासू बाहेर गेली.

"पाव्हणं, आज जाऊ नगा. पानी शेजारच्या घरचं प्या, भाकर तुमची खावा, पन ऱ्हावा. सकाळी लेकीचं हात बघा आन मंग जा."

आण्णांनी रीत सांगितली. ती म्हणाली, ठाऊक हाय. आण्णांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं आणि खाली बसले. त्यांना अंगावर घ्यायला तीच गोधडी दिली, दुसरी जाड गोधडी घरात नव्हती.

पहाटे उठले. माझं सगळं मनात तयार होतं. काही बोलायचं नव्हतंच, नुसतं बघायचं होतं. आण्णांच्या देखत म्हशीखाली बसायचं, हात चालत नाहीत ते दाखवायचं, आणि नेमकं तेव्हा मान वळवून सासूचं तोंड बघायचं. वेशीपासून आजपर्यंत मी त्या एका क्षणासाठी जगले होते. तिला तिथं, माझ्या बापापुढं, तोंड लपवायला जागा मिळू द्यायची नाही.

सासू दुधाची बादली घेऊन आली, खाली ठेवली आणि बाजूला उभी राहिली. आण्णा ओट्यावरून उतरून गोठ्यात आले. मी बसले. सडाला हात लावला. बोटं मिटेनात. पुन्हा लावला. म्हैस हलली, बादली कलंडली, ती धरायला गेले तर कडी बोटांतून निसटली. मी तशीच हात पुढं धरून बसले, वाकडे, सुजलेले, लाल.

आण्णा खाली वाकले. मला दंडाला धरून बाजूला केलं, स्वतः म्हशीखाली बसले आणि धार काढायला लागले. त्यांच्या घरी त्यांनी कधी धार काढल्याचं मला आठवत नव्हतं, ते काम आई करायची. दूध बादलीत कमी आणि मातीत जास्त जात होतं. थोड्या वेळानं ते थांबले, पण मान वर केली नाही.

"मी दर खेपंला दुपारीच आलो गं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडंच बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. कितीतरी वेळानं मला आठवण झाली आणि मी मान वळवली, तर सासू तिथं नव्हती. ती कधीच आत गेली होती, आणि चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तिचं तोंड बघायचं राहूनच गेलं.